सीलचं तोंड

लिंबायतच्या त्या गल्लीत उखा सोनवण्याशी ज्याचं कधी वाजलं नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. दूधवाल्याशी पाण्यावरून वाजलं, रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून, आणि शेजारच्या उषाबाईशी तर सामाईक भिंतीत खिळा ठोकण्यावरून असं पेटलं की ती बाई त्याला येताना बघून अजूनही दार लावून घेते. साठीला टेकलेला, काटकुळा, कपाळावर कायमची आठी. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही. कुणाचा पंखा बंद पडला की हाच जाऊन दुरुस्त करायचा, फक्त करताना घरच्यांच्या अकलेचा असा काही उद्धार करायचा की पुढच्या खेपेला लोक उकाड्यात झोपणं पसंत करायचे.

उखा मूळचा शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि पलसाण्याच्या एका डाइंग हाउसात फिटरच्या हाताखाली लागला. पुढे तिथलाच मोठा फिटर झाला. त्याचं आयुष्य गेलं ते जिगर मशीनवर. जिगर म्हणजे रंगाच्या उकळत्या पाण्याची हौदी असते, तिच्यावरून कापड रुळावर गुंडाळत इकडून तिकडे फिरतं. रुळाचा दांडा हौदीच्या भिंतीतून बाहेर येतो, बाहेर त्याचं बेअरिंग. आता हे रंगाचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात सोडा, तेजाब, नाही नाही ते. ते बेअरिंगात शिरलं की बेअरिंगाचं वाटोळं. त्याला अडवायला मध्ये एक ऑइल सील असतं. पत्र्याची कडी, तिला आतून रबराचा ओठ आणि ओठाच्या पाठीशी बारीक गोल स्प्रिंग. ओठ दांड्याला घट्ट धरून बसतो. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते, ते सीलचं तोंड. ज्याला अडवायचं त्याच्याकडे ते तोंड करायचं, एवढाच त्यातला नियम. उखाने बसवलेलं सील गळलं असं त्या डाइंग हाउसात कुणी कधी पाहिलं नाही, आणि हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय राहायचा नाही.

मग मालकाने जिगर मशीनं भंगारात काढली आणि बंद डब्यासारखी नवी मशीनं आणली. उखाने मॅनेजरला त्याच्या केबिनीत जाऊन चार शब्द सुनावले आणि घरी बसला. त्याच वर्षी बायको गेली, सीता. एकुलती लेक गायत्री, तिचं लग्न आधीच झालेलं. राहिली ती लिंबायतची एक खोली, आणि त्या खोलीत हा.

आता कुणी म्हणेल, लेक सुरतेतच, दिंडोलीला, जवळच्या जवळ. जाऊन राहायचं तिच्याकडे. पण उखाच्या घराण्यात लेकीला मूलबाळ होईस्तोवर बापाने तिच्या घरचा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही रीत. सुरतेत येऊन लोकांनी काय काय सोडलं, पण उखाने ही रीत सोडली नाही. गायत्रीच्या लग्नाला वर्षं उलटली, पाळणा हलला नाही, आणि बाप लेकीच्या उंबऱ्यात उभा राहून बोलायचा नि तसाच परत जायचा. ज्या घरी पाणी प्यायचं नाही तिथे माणूस किती वेळ उभा राहणार?

म्हणून गायत्रीनेच युक्ती काढली. तिच्या नवऱ्याचं, ललितचं, दिंडोलीला गॅरेज होतं. जीपांचं. म्हणजे लग्नाच्या वराती काढायच्या जीपा नव्हेत. चिखलात, वाळूत, नदीच्या पात्रात घालायला म्हणून हौशी लोक ज्या जुन्या जीपा उंच करून, रानदांडगे टायर लावून घेतात, त्या. गायत्री तिथे पार्टचं काउंटर सांभाळायची, गाड्या पोहोचवायची, आणणं-नेणं करायची. ती नवऱ्याला म्हणाली, आबांना कामावर घ्या, त्यांचा हात चांगला आहे. ललितने नाक मुरडलं, पण घेतलं. आणि उखाला ते हवंच होतं. काम हे सगळं निमित्त. सकाळी जायचं, दिवसभर लेक डोळ्यांसमोर, संध्याकाळी परत. एवढ्यासाठी हा माणूस जावयाच्या हाताखाली राबायला तयार झाला. ते गॅरेज तुटलं असतं तर लेकही तुटली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तोंड आवरेल तर तो उखा कसला!

तो घरून पाण्याची बाटली आणायचा, गॅरेजातलं पाणी शिवायचा नाही, चहासुद्धा रस्ता ओलांडून टपरीवर जाऊन प्यायचा. त्याच्या हिशेबी गॅरेज हेही लेकीचंच घर. ललितला ती बाटली दिसली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रोज सकाळी ही बाटली टेबलावर येऊन बसते आणि आख्ख्या गॅरेजला सांगते की या घरात मूल नाही, असं तो गायत्रीला म्हणाला होता.  गायत्री बाटलीकडे पाठ करून बसायची.

जावई तरी काय, गरीब गाय होता का? छे. ललित सुरतेत जन्मलेला, बोलायला निम्मं हिंदी, निम्मं गुजराती, मराठी फक्त सासऱ्याला टोचायला. त्याला तो मागे 'मिलवाला' म्हणायचा आणि समोर 'मामा'. उखा त्याला 'जावईबापू' म्हणायचा, अहोजाहो करायचा, आणि त्या अहोजाहोत इतकं विष असायचं की गिऱ्हाइकंसुद्धा वर बघायची. मधे एका गिऱ्हाइकाला उखाने 'तुमची लायकी सायकल चालवायची' असं तोंडावर सांगितलं, आणि ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्या दिवशी ललितने सगळ्यांसमोर गायत्रीला बजावलं, की याच्या हातचं एक जरी काम परत आलं तर मी याला गेटाच्या आत घेणार नाही, मग तू रड नाहीतर माहेरी जा. उखा तिथेच पाने पुसत उभा होता. त्याने ऐकलं आणि पुसलेला पाना पुन्हा पुसला.

आणि त्याच आठवड्यात मगनभाईंची जीप आली.

मगनभाई बारडोलीचे, घरचा ऊस, आणि जीप म्हणजे जीव की प्राण. हजीऱ्याच्या बाजूला खाडीच्या गाळात दर हिवाळ्यात त्यांच्या मंडळींचा जीपा घालायचा खेळ असतो, त्यासाठी गाडी तयार करायची होती. मागच्या दोन्ही चाकांच्या आतून तेल उतरत होतं. मागच्या एक्सलच्या मधोमध जो दातेचक्रांचा गोळा असतो, त्याचं जाड तेल नळीतून चाकाकडे येऊ नये म्हणून आत एक सील असतं. ते गेलं की तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, आणि तेल लागलेला ब्रेक म्हणजे साबण लावलेला हात. काही धरत नाही.

सील हा शब्द ऐकल्याबरोबर उखाची छाती फुगली. आता हे काम दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

पहिलं भांडण निवडण्यावरून झालं. ललितने कुठूनतरी मोबाइलवर मागवलेली सीलं होती, काळ्या रबराची, चकचकीत डबीत. उखाने एक उचललं, चिमटीत दाबलं, नाकाशी नेलं आणि काउंटरवर भिरकावलं. हे रबर गरम तेलात पापडासारखं कडक होईल, म्हणाला. मग स्वतः उधन्याला गेला, तीन दुकानदारांशी भांडला आणि तपकिरी रबराची, उष्णता सोसणारी सीलं घेऊन आला. माप त्याने एक्सलच्या दांड्यावरून स्वतः घेतलं होतं. दांड्यावर जुन्या सीलच्या ओठाने झिजून बारीक चर पडला होता. नवा ओठ त्याच चरात बसला तर नवं सीलही गळणार, म्हणून ते किंचित अलीकडे ठोकायचं, हेही त्यानेच काढलं. ललितला हे सुचलं नव्हतं. मगनभाई तिथेच होते, ते ललितला म्हणाले की काकांचं ऐका. झालं. ललितचा चेहरा त्या काळ्या सीलांहून काळा पडला, आणि उखा दिवसभर गॅरेजात छाती काढून फिरला.

खरं सांगायचं तर इथवर उखाचं सगळं बरोबर होतं. अगदी सोळा आणे बरोबर. माणूस बरोबर असला की किती धोक्याचा होतो, ते पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही एक्सल ओढून काढले. जुनी सीलं उचकटताना त्याने पाहिलं, त्यांची तोंडं आतल्या बाजूला होती, गोळ्याकडे. उखा खुदकन हसला. गाडी जाणार चिखलात, खाऱ्या पाण्यात, गाळात. अडवायचं ते बाहेरच्या घाणीला, आणि कुण्या गाढवाने तोंड केलं आत. गळेल नाही तर काय होईल? त्याच्या सगळ्या आयुष्यात शत्रू हौदीतलं पाणी होतं आणि जपायचं होतं ते ग्रीस भरलेलं बेअरिंग. इथे उलटं होतं. इथे आतलं तेलच अडवायचं होतं. पण त्याच्या डोक्यात जिगरची हौदीच बसलेली. ती काढणार कोण?

त्याने जागा पुसली, बोटाने चाचपली, ओठाला तेल लावलं. जुन्या बेअरिंगची कडी सीलवर ठेवून चहूबाजूंनी सारखे, हलके ठोके देत सील सरळ रेषेत बसवलं. काम इतकं देखणं की बघत राहावं. फक्त तोंड बाहेर.

गायत्री बाजूला उभी होती. ती लहानपणापासून या कामात नसली तरी गेली काही वर्षं काउंटरवर बसून बरंच शिकली होती. तिने विचारलं, आबा, जुन्याचं तोंड तर आत होतं ना? उखा म्हणाला, म्हणूनच गळत होतं. थोड्या वेळाने तिने परत विचारलं, की यांना एकदा दाखवायचं का? यांना म्हणजे ललितला. उखाने हातोडी खाली ठेवली.

"तुले काय समजस त्यामा? तू तुन्हं काउंटर पाह्य."

चिडला की त्याची अहिराणीच बाहेर यायची. गायत्रीने तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तर त्याने तिच्याकडे पाठ केली. ती गेली.

पलीकडे दुसऱ्या गाडीखाली ललित होता. त्याला सगळं दिसत होतं. सील उलटं चाललंय हे त्याला पहिल्या ठोक्यालाच कळलं. तो हाक मारणार होता. जिभेवर शब्दही आला असेल. पण काल मगनभाईंसमोर झालेला अपमान त्याला आठवला, ती बाटली आठवली, आणि तो गप्प पडून राहिला. त्याने मनात सगळं आखलं. उद्या दुपारी आपणच गाडी फिरवून आणायची, मगनभाईंना बोलवायचं, ड्रम उघडायचा आणि तेल दाखवायचं. बस, मिलवाला कायमचा बाहेर. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी उखाला एवढंच दिसलं की जावई आज कधी नव्हे तो तोंड मिटून आहे, आणि त्याला वाटलं की आपण त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललित काही पार्ट आणायला गेला. तेवढ्यात मगनभाईंचा फोन आला. त्यांना गाडी दुपारऐवजी आत्ताच हवी होती. बारडोलीहून ते पलसाण्याच्या चौफुलीपर्यंत येणार होते, कुणीतरी तिथे आणून द्या म्हणाले. गायत्रीने विचारलं, आबा, गाडी तयार आहे? उखाने नुसती मान उडवली. असा प्रश्न विचारायचा असतो का? ती चढली, जीप सुरू केली आणि गेली. उंच जीपवर बसलेली लेक कडोदऱ्याच्या रस्त्याला वळेपर्यंत उखा गेटात उभा राहून बघत होता. त्याला अभिमान वाटला, तिचा आणि थोडा स्वतःचाही.

ललित परतला, मोटरसायकल स्टँडला लावली आणि रिकामी जागा बघून म्हणाला, जीप कुठंय?

उखाने ठसक्यात सांगितलं, की गिऱ्हाइकाला घाई होती, गायत्री घेऊन गेली, आपल्यावाचून कामं अडत नाहीत इथली.

ललितच्या हातातली पिशवी खाली पडली. त्याने खिशातून फोन काढून गायत्रीला लावला. फोन लागला, वाजत राहिला. गाडी चालवताना गायत्री फोन उचलत नसे, तिची सवयच होती ती. त्याने पुन्हा लावला. उखाला हे नाटक वाटलं. त्याने कुत्सितपणे विचारलं, की एवढं घाबरायला काय झालं, गाडी तिने आज चालवली का पहिल्यांदा?

"मामा, सीलं उलटी आहेत. तेल गरम झालं की ब्रेक जाईल."

उखाला आधी रागच आला. तोंड उघडून तो काही बोलणारही होता. मग त्याला तो एक्सल डोळ्यांसमोर दिसला, तो गोळा दिसला, आणि गोळ्यातलं ते सगळं तेल. हौदी बाहेर नव्हतीच. हौदी आत होती.  आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

"तुम्हाले कसं माहीत?" त्याने विचारलं. "तुम्ही तर पाह्यलंबी नाही."

 ललितने मोटरसायकलला किक मारली. उखा मागे बसला. गॅरेजातल्या चार वर्षांत एकमेकांना शिवले नव्हते ते दोघं, आणि आता सासऱ्याने जावयाच्या खांद्याला असं धरलं होतं की नखं रुतली. रस्ताभर तो त्याच्या कानाशी शिव्या देत होता. पाहत होतास, हरामखोरा, पाहत होतास आणि पडून राहिलास. सगळं अहोजाहो वाऱ्यावर उडून गेलं होतं. ललितने एकदाच मान वळवली आणि म्हणाला, की उलटी मी नाही बसवली. मग दोघंही गप्प झाले, कारण दोघांचं खरं होतं.

कडोदरा मागे पडलं. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक बारडोलीकडे चाललेल्या. प्रत्येक वळणावर उखा उंच टायर शोधत होता. पुलाच्या उतारावरून खाली आल्यावर डाव्या हाताला माणसं जमलेली दिसली. जीप रस्ता सोडून खालच्या चारीत उतरली होती, नाक चिखलात, मागची चाकं वर, आणि दोन्ही मागच्या चाकांवरून काळं तेल ओघळत होतं. रस्त्यावर पुढे उसाची एक ट्रॉली उभी होती. तिचा ड्रायव्हर लोकांना हातवारे करून सांगत होता, की बाईने गाडी चारीत घातली नसती तर सरळ माझ्या ट्रॉलीखाली होती.

गायत्री चारीच्या आतल्या उतारावर बसली होती. कपाळाला खोक पडली होती, ओढणीने दाबून धरलेली. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला, मनगट सुजून आलेलं. पण शुद्धीवर होती, बोलत होती. उखा चारीत घसरत तिच्यापाशी गेला. त्याला रडू आवरेना. गल्लीतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण तो माणूस लहान मुलासारखा रडला. रडता रडताच त्याने जावयाकडे बोट केलं. सांगू लागला, की याला माहीत होतं, हा बघत होता, तुझ्या जिवावर उठला होता हा. ललित वरून ओरडला, की मी दुपारी स्वतः फिरवणार होतो, तुला कोण जा म्हणालं, याने म्हटलं गाडी तयार आहे म्हणून तू गेलीस. मग काय, रस्त्याच्या कडेला, परक्या लोकांसमोर, रक्ताळलेल्या बाईच्या डोक्यावरून दोघांचं जुंपलं. बाटली निघाली, मिल निघाली, लग्नातला मानपान निघाला. ट्रॉलीवाला तोंडावर हात ठेवून ऐकत होता. लाज म्हणून काही असते माणसाला!

गायत्री उठली. कुणाचा हात घेतला नाही. चारीतून वर आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तुम्हांला माहीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली, "तरी बोलला नाहीत." मग बापाकडे वळली. "आणि मी बोलत होते, आबा, तर तुम्ही बोलू दिलं नाही. दोघांनी मिळून केलंय हे. तुमचं एकमेकांशी जमत नाही असं मी उगाच समजत होते."

 ललितने रिक्षा थांबवली, दवाखान्यात जायला. ती चढली. ललित तिच्या शेजारी बसायला गेला, तर तिने त्याला मोटरसायकलवरून मागून या म्हणून सांगितलं. उखा रिक्षाच्या दांड्याला धरून उभा होता. त्याला वाटलं, आपल्याला ती बस म्हणेल. जावयाला नाही म्हणाली, म्हणजे बापाला घेईल. त्याने एक पाय आत टाकलासुद्धा.

गायत्रीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त झोंबलं.

"यांच्या घरी मला जावंच लागणार आहे, आबा. तुमच्याकडे यायचं की नाही, तेवढं माझ्या हातात आहे. उद्यापासून गॅरेजात येऊ नका. आणि घरीही नको."

उखाने पाय मागे घेतला. रिक्षा गेली. ललितही मोटरसायकल काढून तिच्या मागे गेला. जाताना सासऱ्याकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही, किंवा गरज वाटली नाही. माणसं पांगली, ट्रॉली निघून गेली. उखा चारीत उतरला. दोन्ही चाकांवरून तेल अजून ठिबकत होतं. त्याने खिशातलं फडकं काढलं आणि मगनभाईंची माणसं दोरखंड घेऊन येईपर्यंत तो ते तेल पुसत बसला. पुसलं की पुन्हा येत होतं.